सत्याहत्तर वर्षे, १९७७ आणि मथळ्यातून गळलेला एक शब्द

७ जुलै २०१३ च्या रविवारी लंडनमधील सेंटर कोर्टवर नोव्हाक जोकोविचचा बॅकहँड जाळीत अडकला आणि अँडी मरे विम्बल्डनच्या पुरुष एकेरीचा विजेता झाला. शेवटच्या गेममध्ये ४०-० अशी आघाडी घेऊन हाताशी आलेले तीन मॅचपॉइंट त्याने घालवले होते, मध्येच सर्व्हिस गमावण्याची वेळही त्याच्यावर आली होती. चौथ्या मॅचपॉइंटला ६-४, ७-५, ६-४ असा निकाल लागला. बीबीसीवर हा क्षण पाहणाऱ्यांची संख्या १ कोटी ७३ लाखांवर पोहोचली होती. त्या संध्याकाळी दूरचित्रवाणीवर, संकेतस्थळांवर आणि दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या पानांवर एकच आकडा झळकत राहिला, तो म्हणजे ७७. ब्रिटनची ७७ वर्षांची प्रतीक्षा संपली, १९३६ च्या फ्रेड पेरीनंतर प्रथमच एका ब्रिटिश खेळाडूने विम्बल्डन जिंकले, अशा आशयाची वाक्ये बातमीमागून बातमीत आली.

यांतील दुसरे वाक्य खोटे होते. ‘पुरुष एकेरी’ हे दोन शब्द जिथे होते तिथे बातमी बरोबर होती, आणि ते जिथे गळाले तिथे ती चूक झाली. १९३६ नंतर आणि २०१३ च्या आधी चार ब्रिटिश खेळाडूंनी विम्बल्डनचे एकेरीचे विजेतेपद मिळवले होते. त्या चौघीही महिला होत्या, आणि त्यांपैकी शेवटच्या विजयाला तेव्हा ३६ वर्षे झाली होती.

या एका प्रसंगाचा अभ्यास मांडण्याचे कारण असे, की ब्रिटिश महिला टेनिसपटूंना माध्यमांनी किती जागा दिली या मोठ्या आणि पसरट प्रश्नाची बहुतेक सर्व अंगे त्यात एकत्र सापडतात. येथे कोणी कोणाचा द्वेष केला नाही आणि कोणती माहिती दडवलेली नव्हती. हवी ती नोंद विम्बल्डनच्याच विजेत्यांच्या यादीत, पुरुषांच्या रकान्याशेजारच्या रकान्यात होती. तरीही ती नजरेतून सुटली, आणि एका वेळी इतक्या अनुभवी बातमीदारांच्या नजरेतून सुटली, की त्यामागची कारणे शोधणे भाग आहे.

१ जुलै १९७७

व्हर्जिनिया वेडचा जन्म बोर्नमथचा, बालपण दक्षिण आफ्रिकेतले. पंधराव्या वर्षी ती इंग्लंडला परतली आणि ससेक्स विद्यापीठातून गणित व भौतिकशास्त्र घेऊन पदवीधर झाली. १९६८ साली व्यावसायिक आणि हौशी खेळाडूंना एकत्र खेळण्याची मुभा मिळाली, तेव्हाची पहिली खुली स्पर्धा बोर्नमथलाच झाली. ती वेडने जिंकली, पण त्या वेळी ती हौशी खेळाडू असल्याने बक्षिसाची रक्कम तिने नाकारली. त्याच वर्षी पहिल्या खुल्या अमेरिकन स्पर्धेच्या अंतिम फेरीत तिने बिली जीन किंगला ६-४, ६-२ असे सरळ सेटमध्ये हरवले. तिथे महिला विजेतीला ६,००० डॉलर होते आणि पुरुष विजेत्यासाठी १४,००० डॉलर ठेवलेले होते. १९७२ मध्ये तिने ऑस्ट्रेलियन स्पर्धाही जिंकली.

राहिले होते ते विम्बल्डन. १९६२ पासून ती दरवर्षी तिथे उतरत होती आणि दरवर्षी हरत होती. गुणवत्ता आहे पण मोक्याच्या क्षणी धीर सुटतो, असा शिक्का तिच्यावर बसला होता. १९७७ हे विम्बल्डनच्या स्पर्धेचे शताब्दी वर्ष होते आणि राणी एलिझाबेथच्या राज्यारोहणाचा रौप्यमहोत्सवही त्याच वर्षी होता. त्या वर्षी उपांत्य फेरीत वेडने गतविजेत्या ख्रिस एव्हर्टला ६-२, ४-६, ६-१ असे नमवले. दुसऱ्या उपांत्य सामन्यात नेदरलँड्सच्या बेटी स्टोव्हने ब्रिटनच्याच सू बार्करला तीन सेटमध्ये हरवले, नाहीतर अंतिम सामना दोन ब्रिटिश महिलांमध्ये झाला असता. १ जुलैच्या शुक्रवारी अंतिम फेरीत वेडने पहिला सेट ४-६ असा गमावला आणि पुढचे दोन ६-३, ६-१ असे घेतले. तिच्या बत्तिसाव्या वाढदिवसाला नऊ दिवस बाकी होते आणि विम्बल्डनमधील तिचा हा सोळावा प्रयत्न होता.

१९६२ नंतर प्रथमच राणी विम्बल्डनला आली होती आणि चषक तिच्याच हस्ते दिला गेला. गुलाबी कार्डिगन अंगात घालून वेड चषक घ्यायला पुढे गेली, तेव्हा सेंटर कोर्टवर इतका गलका चालला होता, की राणी काय बोलते आहे हे तिला ऐकूच आले नाही. नंतर तिने स्वतःच ही आठवण सांगितली आहे. प्रेक्षकांनी उभे राहून तिच्या नावाने गाणे म्हटले. वर्षअखेरीस बीबीसीचा वर्षातील सर्वोत्तम क्रीडापटूचा सन्मान प्रेक्षकांच्या मतांनी तिलाच मिळाला. म्हणजे हा विजय कुठल्या तरी आडबाजूच्या कोर्टवर, दहा-वीस माणसांसमोर झालेला नव्हता. शताब्दी, रौप्यमहोत्सव, राणी, भरलेले सेंटर कोर्ट आणि घरोघरी लागलेले दूरचित्रवाणी संच अशी साक्ष असलेला तो विजय होता. असा विजय ३६ वर्षांत मथळ्यांच्या हिशेबातून वगळला जातो, तेव्हा त्याहून कमी प्रकाशात झालेल्या विजयांचे काय होत असेल याची कल्पना करता येते.

पेरीची जोडीदार

या आकड्यातील सर्वांत दुखरी गोष्ट १९३७ सालची आहे. डोरोथी राउंड ही इंग्लंडमधल्या डडलीची, पोलाद आणि कोळशाच्या पट्ट्यात वाढलेली, चर्चच्या रविवारच्या शाळेत शिकवणारी आणि रविवारी सामना खेळायला ठाम नकार देणारी खेळाडू. १९३४ साली पुरुष एकेरी फ्रेड पेरीने जिंकली आणि महिला एकेरी राउंडने. पुढच्या दोन वर्षी, म्हणजे १९३५ आणि १९३६ मध्ये, विम्बल्डनची मिश्र दुहेरी या दोघांनी जोडीने जिंकली. १९३६ नंतर पेरी व्यावसायिक झाला आणि त्या काळच्या नियमाप्रमाणे विम्बल्डनला मुकला. राउंड मात्र १९३७ मध्ये पुन्हा उतरली आणि अंतिम फेरीत पोलंडच्या यादविगा येंजेयोव्स्काविरुद्ध तिसऱ्या सेटमध्ये १-४ अशी मागे असताना ६-२, २-६, ७-५ असा सामना खेचून आणला.

पेरीनंतरचा पहिला ब्रिटिश एकेरी विजय त्यामुळे पुढच्याच उन्हाळ्यात झाला होता, आणि तो त्याच्याच मिश्र दुहेरीच्या जोडीदाराने मिळवला होता. ७७ वर्षांच्या प्रतीक्षेची जी कथा सांगितली गेली, ती पुरुष हा शब्द न लिहिता सांगितली तर बारा महिनेसुद्धा टिकत नाही.

पुढची यादी सलग वाचावी अशी आहे. अँजेला मॉर्टिमरने १९५५ मध्ये फ्रेंच, १९५८ मध्ये ऑस्ट्रेलियन आणि १९६१ मध्ये विम्बल्डन जिंकले. तिला ऐकू कमी येत असे, आणि १९६१ चा अंतिम सामना तिने क्रिस्टीन ट्रुमन या दुसऱ्या ब्रिटिश खेळाडूविरुद्ध ४-६, ६-४, ७-५ असा जिंकला. विम्बल्डनच्या महिला एकेरीची अंतिम फेरी पूर्णपणे ब्रिटिश असण्याचा प्रसंग १९१४ नंतर तेव्हाच आला होता. शर्ली ब्लूमरने १९५७ मध्ये आणि ट्रुमनने १९५९ मध्ये फ्रेंच स्पर्धा जिंकली. ॲन जोन्सने १९६१ आणि १९६६ मध्ये पॅरिसची हीच फ्रेंच स्पर्धा जिंकली. त्याआधी ती टेबल टेनिसमध्येही जगात अव्वल पंक्तीत होती. १९५७ च्या जागतिक स्पर्धेत एकेरी, दुहेरी आणि मिश्र दुहेरी अशा तिन्ही प्रकारांत ती उपविजेती ठरली होती. १९६९ च्या विम्बल्डनमध्ये तिने उपांत्य फेरीत मार्गारेट कोर्टला आणि अंतिम फेरीत बिली जीन किंगला हरवले. लागोपाठच्या दोन सामन्यांत त्या काळच्या या दोन सर्वांत बलाढ्य खेळाडूंना हरवणे म्हणजे काय, हे टेनिस पाहणाऱ्याला वेगळे सांगण्याची गरज नाही. सू बार्करने १९७६ मध्ये वयाच्या विसाव्या वर्षी फ्रेंच स्पर्धा जिंकली. वेडच्या तीन स्पर्धा वर आल्याच आहेत.

बेरीज केली तर १९३६ च्या सप्टेंबरमध्ये पेरीने जिंकलेली अमेरिकन स्पर्धा आणि २०१२ च्या सप्टेंबरमध्ये मरेने जिंकलेली अमेरिकन स्पर्धा यांच्यामध्ये ब्रिटनच्या सात महिलांनी एकेरीची तेरा ग्रँड स्लॅम विजेतेपदे मिळवली: विम्बल्डन चार, फ्रेंच सहा, ऑस्ट्रेलियन दोन आणि अमेरिकन एक. त्याच काळात ब्रिटिश पुरुषांच्या एकेरी विजेतेपदांची संख्या शून्य आहे. ‘दुष्काळ’ हा शब्द ज्या काळाला उद्देशून वापरला गेला, त्या काळात ब्रिटिश टेनिसची एक बाजू कोरडी होती आणि दुसरी बाजू चांगली पिकत होती. शिवाय दुहेरीचा हिशेबही आहेच. १९८७ मध्ये जेरेमी बेट्स आणि जो ड्युरी यांनी विम्बल्डनची मिश्र दुहेरी जिंकली होती आणि २०१२ मध्ये जोनाथन मॅरे याने पुरुष दुहेरी.

आकडा कसा तयार झाला

मथळा रविवारी संध्याकाळी घाईघाईत लिहिला गेला म्हणून चूक झाली, असे म्हणून हा विषय सोडून देता येत नाही. ७७ हा आकडा त्या संध्याकाळी जन्मला नव्हता. पेरी ब्रिटनचा शेवटचा पुरुष विजेता ठरला आणि वर्षे वाढत गेली, तसा दर उन्हाळ्यात हा आकडा एकेकाने वाढवून पुन्हा छापला जाई. ब्रिटनचा टिम हेन्मन १९९८, १९९९, २००१ आणि २००२ अशी चार वर्षे उपांत्य फेरीत पोहोचला, त्या काळात तर पेरीचे नाव रोज निघत असे. मरे २०१२ च्या अंतिम फेरीत रॉजर फेडररकडून हरला तेव्हा आकडा ७६ होता. इतकी वर्षे एकच वाक्य पुन्हा पुन्हा लिहिले गेले, की त्यातले नेमके शब्द झिजत गेले. ‘पेरीनंतरचा पहिला ब्रिटिश पुरुष एकेरी विजेता’ हे मूळ वाक्य लांब होते. ‘पेरीनंतरचा पहिला ब्रिटिश विजेता’ हे मथळ्यात बसत होते. मथळ्याला अक्षरे मोजून लावावी लागतात, आणि कात्री कुठल्या शब्दावर चालते यावरून डेस्कला कोणता शब्द गृहीत वाटतो ते कळते.

दुसरे कारण आकड्याच्या वजनात आहे. ७७ वर्षांची प्रतीक्षा म्हटले की आजोबा, वडील आणि नातू अशा तीन पिढ्या डोळ्यांसमोर येतात. ३६ वर्षे म्हटले की एका पिढीची गोष्ट उरते. वेडचे नाव घेतले असते तर नाट्य निम्म्यावर आले असते, अशी भीती मनात नसेलही, पण आकडा मोठा असला की तो तपासावासा वाटत नाही, हा वर्तमानपत्राच्या कामातला नित्याचा अनुभव आहे. गंमत अशी की ७७ हाच आकडा वेडच्या विजयाच्या वर्षातही होता आणि तरीही कोणाला तो आठवू नये.

तिसरे कारण संग्रहात आहे. विम्बल्डनच्या फलकावर महिला विजेत्यांच्या नावांमागे अनेक दशके मिस किंवा मिसेस लिहिले जाई, पुरुषांच्या नावांमागे मात्र असे काही नसे. विवाहित खेळाडूच्या नावात तर पतीची आद्याक्षरे येत. ॲन जोन्स ही ‘मिसेस पी. एफ. जोन्स’ होती, बिली जीन किंग ‘मिसेस एल. डब्ल्यू. किंग’ आणि १९८१ ची ख्रिस एव्हर्ट ‘मिसेस जे. एम. लॉइड’. लग्नाआधी ॲन हेडन या नावाने दोन जगांत खेळलेल्या बाईचे विम्बल्डन तिच्या नावाच्या एकाही अक्षराशिवाय नोंदले गेले. फलकावरची ही संबोधने २०२२ मध्ये काढली गेली. नाव असे तुटक असले, की धागा जुळवायला वाचकाला जास्त कष्ट पडतात आणि घाईतला उपसंपादक ते घेत नाही.

विम्बल्डन भरवणाऱ्या ऑल इंग्लंड क्लबच्या आवारातही फरक दिसतो. फ्रेड पेरीचा पूर्णाकृती ब्राँझचा पुतळा १९८४ पासून तिथे उभा आहे. क्लबच्या सध्याच्या, चर्च रोडवरच्या मैदानावर जिंकलेल्या पाच ब्रिटिश महिलांचे, म्हणजे किटी गॉडफ्री, राउंड, मॉर्टिमर, जोन्स आणि वेड यांचे, अर्धपुतळे २००४ मध्ये बसवले गेले. हे उशिरा झाले पण झाले, याबद्दल क्लबला श्रेय द्यायला हवे. २०१३ चा अंतिम सामना पाहायला आलेल्या पत्रकारांसाठी हे पाच चेहरे त्याच आवारात होते.

मायक्रोफोन धरलेली विजेती

या प्रकरणातले एक दृश्य मला सर्वांत बोलके वाटते. सामना संपल्यावर कोर्टवर मरेची मुलाखत घेतली ती सू बार्करने. हीच सू बार्कर १९७६ ची फ्रेंच विजेती आणि १९७७ ची विम्बल्डन उपांत्य फेरीची खेळाडू. ७७ वर्षांचा आकडा ज्या क्षणी कोट्यवधी घरांत पोहोचत होता, त्या क्षणी चौकटीत दोन ब्रिटिश ग्रँड स्लॅम एकेरी विजेते उभे होते, एकाच्या हातात चषक आणि दुसरीच्या हातात मायक्रोफोन. तिच्या हातून तीन दशकांहून अधिक काळ दर्जेदार निवेदन झाले, तिला त्यासाठी मनापासून मान मिळाला, आणि त्या मानाखाली तिची मूळ ओळख झाकली गेली. ब्रिटनमध्ये एक संपूर्ण पिढी अशी वाढली, की जिला बार्कर म्हणजे निवेदिका हे माहीत होते आणि तिने पॅरिस जिंकले होते हे माहीत नव्हते. वेडही अनेक वर्षे बीबीसीच्या समालोचन कक्षात बसली. माहिती देणाऱ्या यंत्रणेच्या आतच दोन विजेत्या होत्या, तरीही यंत्रणेने पुरुषांचा आकडा देशाचा आकडा म्हणून चालवला.

त्याच सप्ताहान्ताची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. आदल्या दिवशी, शनिवारी, फ्रान्सच्या मारियन बार्तोलीने महिला एकेरी जिंकली, आणि बीबीसी रेडिओवरील एका निवेदकाने तिच्या रूपावरून अत्यंत अनुदार शेरा मारला. पुढे त्याबद्दल क्षमा मागण्यात आली. शनिवारी विजेतीचे रूप तोलले गेले आणि रविवारी पूर्वीच्या विजेत्या मोजणीतून वगळल्या गेल्या. या दोन घटनांचा एकमेकींशी थेट संबंध नाही, पण महिलांचा खेळ हा मुख्य खेळाच्या कडेचा भाग आहे असे मानण्याची सवय दोन्हींच्या मुळाशी आहे.

आक्षेप आणि त्याचे उत्तर

चुकीची दखल त्याच रात्री घेतली गेली. वेडचे नाव समाजमाध्यमांवर फिरू लागले. स्त्रियांना माणसांत धरले नाही तरच मरे ७७ वर्षांतला पहिला ब्रिटिश विजेता ठरतो, अशा अर्थाचे एका लेखिकेचे वाक्य हजारोंनी पुढे पाठवले. काही संकेतस्थळांनी शब्द दुरुस्त केले, काही स्तंभांतून वेड आणि राउंड यांच्यावर लेख आले.

त्यावर घेतला गेलेला आक्षेप असा, की सामना पुरुष एकेरीचा होता, तुलना पुरुषांशीच होणार हे वाचकाला आपोआप कळते, मग शब्दांचा कीस कशाला काढायचा? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण संदर्भावरून अर्थ लावणे ही वाचनाची रोजची रीत आहे. त्याची परीक्षा मात्र सोपी आहे. उलट दिशेने तोच नियम चालतो का, एवढेच पाहायचे.

ती परीक्षा ११ सप्टेंबर २०२१ ला न्यूयॉर्कमध्ये झाली. अठरा वर्षांची एमा रादुकानू पात्रता फेरीतले तीन आणि मुख्य फेरीतले सात असे दहा सामने एकही सेट न गमावता जिंकून अमेरिकन स्पर्धेची विजेती झाली. पात्रता फेरीतून येऊन ग्रँड स्लॅम एकेरी जिंकणारी ती पुरुष आणि महिला मिळून पहिलीच खेळाडू. प्रेक्षकांत व्हर्जिनिया वेड बसली होती. बातम्यांत लिहिले गेले, की ४४ वर्षांनी ग्रँड स्लॅम जिंकणारी ही पहिली ब्रिटिश महिला. हे अचूक होते. आता २०१३ चा नियम लावून पाहावा. अँडी मरेने २०१६ मध्ये विम्बल्डन जिंकले होते, म्हणून ‘४४ वर्षांनी पहिली ब्रिटिश विजेती’ हे इंग्रजीत महिला शब्दाविना लिहिले तर चूक ठरले असते, आणि तशी चूक होताना दिसली नाही. महिला हा शब्द कोणाच्याही कात्रीतून गळाला नाही. संदर्भ तर तेव्हाही तितकाच स्पष्ट होता. एका बाजूला लिंगवाचक शब्द अनावश्यक वाटतो आणि दुसऱ्या बाजूला तोच शब्द अत्यावश्यक वाटतो, याचा अर्थ पुरुषांचा इतिहास हा सर्वांचा इतिहास आणि महिलांचा इतिहास हा महिलांचा इतिहास, असे मनात कुठेतरी ठरलेले आहे.

मराठीत लिहिणाऱ्याला येथे थोडे थांबावे लागते. इंग्रजीत देशवासी दाखवणारा शब्द स्त्री-पुरुष दोघांनाही चालतो, म्हणून चूक उघड पकडली गेली. मराठीत ‘खेळाडू’ दोघांनाही चालतो, पण ‘पहिला’ म्हणताच तो पुरुष होतो. ‘पेरीनंतर विम्बल्डन जिंकणारा पहिला ब्रिटिश खेळाडू’ हे मराठी वाक्य व्याकरणाच्या आडोशाने खरे ठरवता येईल. वाचकाच्या मनात मात्र मधल्या काळात कोणीच ब्रिटिश खेळाडू जिंकला नाही असाच अर्थ उतरतो. आपल्या भाषेत ही चूक जास्त सहज लपते, म्हणून ‘पुरुष एकेरीत’ हे दोन शब्द आपल्या क्रीडापानांवर अधिक आग्रहाने लिहिले पाहिजेत. आपल्याकडचे उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. संस्कृत कवयित्री पंडिता क्षमा राव यांची कन्या लीला राव ही मुंबईची खेळाडू १९३४ मध्ये, म्हणजे राउंड आणि पेरी जिंकले त्याच वर्षी, विम्बल्डनला पहिल्या फेरीचा सामना जिंकली होती. १९९८ मध्ये निरुपमा वैद्यनाथनने ऑस्ट्रेलियन स्पर्धेत मिळवलेल्या विजयाचे मोल मोठे आहे, तो १९६८ नंतरच्या खुल्या टेनिसमधला भारतीय महिलेने ग्रँड स्लॅम एकेरीत जिंकलेला पहिला सामना. पण ‘खुल्या टेनिसमधला’ हा शब्द सुटला की लीला राव पुसली जाते.

मरेची दुरुस्ती

ज्याच्या नावाने हा आकडा मिरवला गेला, त्याने स्वतः पुढे काय केले हे या प्रकरणाचा महत्त्वाचा भाग आहे. २०१४ मध्ये मरेने फ्रान्सची माजी टेनिसपटू अमेली मोरेस्मो हिला प्रशिक्षक नेमले, आणि हरलेल्या सामन्यांचे खापर प्रशिक्षक बाई असल्यावर फुटते आहे हे पाहून तो जाहीरपणे तिच्या बाजूने बोलला. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये त्याने दुसरे सुवर्ण जिंकले, तेव्हा टेनिसमध्ये दोन ऑलिम्पिक सुवर्णे मिळवणारा तू पहिलाच, असे बीबीसीच्या मुलाखतकाराने म्हणताच मरेने तिथल्या तिथे व्हीनस आणि सेरेना विल्यम्स यांच्याकडे प्रत्येकी चारच्या आसपास सुवर्णे असल्याची आठवण दिली. एकेरीचे सुवर्ण राखणारा मी पहिला, एवढेच त्याने मान्य केले. २०१७ मध्ये विम्बल्डनच्या उपांत्यपूर्व फेरीत तो सॅम क्वेरीकडून हरला. पत्रकार परिषदेत एका बातमीदाराने क्वेरीला २००९ नंतर ग्रँड स्लॅमची उपांत्य फेरी गाठणारा पहिला अमेरिकन खेळाडू म्हटले. मरे खुब्याच्या दुखण्याने बेजार होता, नुकताच हरला होता, तरी त्याने प्रश्न मध्येच तोडून दोनच शब्द घातले: पुरुष खेळाडू.

हे दोन शब्द २०१३ च्या मथळ्यांत बसले नव्हते. बोलताना ते उच्चारायला त्याला एक सेकंदही लागला नाही.

त्यानंतर काय बदलले आणि काय नाही

शब्दांच्या पातळीवर सुधारणा झाली आहे. २०१७ मध्ये योहाना कोंटा विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत पोहोचली, तेव्हा १९७८ मध्ये वेडने गाठलेल्या उपांत्य फेरीशी तिची तुलना नीट, सविस्तर झाली. पुढे २०१९ मध्ये तिच्या निमित्ताने जो ड्युरीचेही नाव पुन्हा छापले गेले, कारण फ्रेंच स्पर्धेत कोंटाच्या आधी उपांत्य फेरी गाठणारी ब्रिटिश महिला म्हणजे १९८३ ची ड्युरी.

जागेच्या पातळीवर मात्र तेवढे समाधान वाटत नाही. २०१९ च्या फ्रेंच स्पर्धेत पावसाने वेळापत्रक कोलमडले आणि महिलांचे दोन्ही उपांत्य सामने मुख्य कोर्टवरून हलवून शुक्रवारी सकाळी लहान कोर्टवर लावण्यात आले. मुख्य कोर्ट पुरुषांच्या उपांत्य सामन्यांसाठी राखले गेले. कोंटाचा सामना सकाळी अकराला सिमॉन मॅथ्यू कोर्टवर सुरू झाला तेव्हा बऱ्याच खुर्च्या रिकाम्या होत्या. महिला टेनिस संघटनेच्या प्रमुखाने या निर्णयाला अन्याय्य आणि अनुचित म्हटले. ब्रिटिश महिलेला छत्तीस वर्षांनी मिळालेली पॅरिसमधली उपांत्य फेरी अशा अर्ध्या भरलेल्या कोर्टवर झाली, आणि ज्या क्षणाचे चित्रच फिके निघते तो क्षण पुढे आठवणीतही फिकाच राहतो. आठवण घडवण्याचे काम मथळ्याच्या बऱ्याच आधी, वेळापत्रक ठरवणाऱ्यांच्या टेबलावर सुरू होते.

डडलीच्या लोकांनी मात्र वाट पाहिली नाही. मरेच्या विजयानंतर दोनच महिन्यांनी, सप्टेंबर २०१३ मध्ये, तिथल्या प्रायरी पार्कमध्ये डोरोथी राउंडचा पूर्णाकृती पुतळा उभा राहिला. त्याचे अनावरण व्हर्जिनिया वेडने केले आणि राउंडची मुलगी त्या वेळी हजर होती. पुतळ्याचे काम अर्थातच ७ जुलैच्या आधीपासून चालू होते.

एक प्रश्न उरतो: त्या रविवारी बातमी अचूक लिहिली असती तर ती फिकी झाली असती का? उपसंपादकाच्या खुर्चीत बसून पाहिले तर पहिला परिच्छेद पुढीलप्रमाणे लिहिता आला असता, आणि मरेच्या आनंदातला कणही त्यातून कमी होत नाही.

‘लंडन, ७ जुलै : अँडी मरेने आज नोव्हाक जोकोविचला ६-४, ७-५, ६-४ असे हरवून विम्बल्डनची पुरुष एकेरी जिंकली. १९३६ मधील फ्रेड पेरीनंतर हे विजेतेपद मिळवणारा तो पहिला ब्रिटिश पुरुष आहे. पेरीनंतर डोरोथी राउंड (१९३७), अँजेला मॉर्टिमर (१९६१), ॲन जोन्स (१९६९) आणि व्हर्जिनिया वेड (१९७७) यांनी येथे ब्रिटनसाठी एकेरी जिंकली होती. ३६ वर्षांनी आता त्यांच्या पंक्तीत मरे आला आहे.’